मंडळाचं आमंत्रण आणि २१ मार्च

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारजवळ राहतो. धाकट्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे, आता त्याला सतरावं लागेल. आरत्या सगळ्या पाठ, आणि झांज वाजवण्यात तर त्याचा हात कोणी धरणार नाही. आमच्या महिला मंडळाने यंदा २१ मार्चला, जागतिक डाऊन सिंड्रोम दिनाला, कार्यक्रम ठरवलाय. आम्हा दोघांना मंचावर बोलावून शाल-श्रीफळ देणार, मी दोन शब्द बोलायचे, मग सगळ्यांनी दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून फोटो काढायचा. मोठी मुलगी म्हणते, आई, जाच. सासूबाई म्हणतात, चारचौघांत मांडायची गोष्ट आहे का ही? ह्यांचं म्हणणं, तुला वाटेल ते कर. खरं सांगू? मला रागच आला. याच मंडळातल्या दोघी-तिघींनी गणपतीत आपली मुलं त्याच्या शेजारून उठवून दुसरीकडे बसवलेली मी पाहिली आहेत. वर्षभर कोणी विचारत नाही आणि एक तारीख आली की शाल. तसाही रोज कुठला ना कुठला जागतिक दिवस असतोच, सकाळी फोन उघडला की शुभेच्छा येऊन पडलेल्या. या दिवसांना खरंच काही अर्थ असतो का? जाऊ की नको?
एक आई, बडोदे

उत्तर:

ताई, राग आला ते बरोबरच आहे. तो गिळून हसतमुखाने मंचावर जा, असं मी सांगणार नाही. आपल्या मुलाच्या शेजारून स्वतःचं मूल उठवून नेणाऱ्या बाईच्या हातून शाल घेणं कुठल्याही आईला जड जाईल. पण नकार कळवण्याआधी हा दिवस नेमका कुणाचा आहे, ते एकदा बघू या. माझ्या मते तो मंडळाचा नाही, तुमच्या मुलाचा आहे. आणि ज्याचा दिवस, त्याने अटी घालायच्या.

तुमचा मोठा प्रश्न आधी घेते. फोनवर येणारे सगळे दिवस एकाच माळेचे मणी नाहीत. काही संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठराव करून ठरवलेले असतात. एखादा देश किंवा काही देश मिळून प्रस्ताव मांडतात, बाकीचे मान्यता देतात, आणि बहुतेक वेळा मतदान घ्यायचीही गरज पडत नाही. असे दिवस आता दोनशेच्या वर गेले आहेत. काही दिवस युनेस्कोने किंवा जागतिक आरोग्य संघटनेने ठरवले. काहींना कुणाच्याच ठरावाची वाट पाहावी लागली नाही: २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१०पासून सुरू झाला आणि लोकांनी तो उचलून धरला. उरलेले कितीतरी दिवस निव्वळ माल खपवण्यासाठी काढलेले असतात. त्यांच्या शुभेच्छा न वाचता पुढे गेलात तरी काही बिघडत नाही.

महासभेच्या ठरावाबरोबर पैसा सहसा येत नाही. देशांना, संस्थांना आणि लोकांना आवाहन केलं जातं, तेवढंच. न्यूयॉर्कमध्ये ठराव झाला म्हणून बडोद्यात एक स्पीच थेरपिस्ट वाढत नाही की एखाद्या शाळेचं दार उघडत नाही. हाती येते ती एक तारीख. तिच्यात काय भरायचं हे जिथली माणसं तिथे ठरवतात. तुम्हाला जे पोकळ वाटलं ते खरोखरच पोकळ असू शकतं, पण तो दोष तारखेचा नाही.

ज्या दिवसांना आज वजन आहे त्यांच्या मुळाशी गेलात तर बहुतेक ठिकाणी कुणीतरी काहीतरी मागितलेलं सापडतं. ८ मार्चला आपल्याकडे हळदीकुंकवासारखा कार्यक्रम होतो, वाण म्हणून डबा मिळतो. पण महिला दिनाची कल्पना जर्मनीच्या क्लारा झेटकिन यांनी १९१०मध्ये कोपनहेगनच्या समाजवादी महिलांच्या परिषदेत मांडली, ती बायकांच्या मताधिकारासाठी. १९१७मध्ये रशियात पेट्रोग्राडच्या कामगार बायका भाकरीसाठी संपावर उतरल्या, तो आपल्या कॅलेंडरप्रमाणे ८ मार्च होता. संयुक्त राष्ट्रं हा दिवस पाळू लागली ती थेट १९७५मध्ये. मातृभाषा दिनाचंही असंच. २१ फेब्रुवारी १९५२ला ढाक्यात बांगला भाषेला हक्काचं स्थान मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, आणि युनेस्कोने ती तारीख जगाची केली १९९९मध्ये. आधी माणसं रस्त्यावर उतरली, ठराव मागाहून आला.

लांब कशाला जायचं, आपलं बडोदंच बघा. १९१७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला इथे आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही हाकलून दिल्यावर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून होते. तिथे त्यांनी केलेल्या निश्चयाची आठवण म्हणून आज संकल्पभूमी आहे आणि २३ सप्टेंबर हा संकल्प दिन म्हणून पाळला जातो. ते कुणा परिषदेने ठरवलेलं नाही. लोक येतात कारण त्या दिवसात त्यांचं स्वतःचं दुखणं आहे आणि त्या दुखण्यावर घेतलेला निश्चयही आहे. दुसरी तारीख १० डिसेंबर, मानवी हक्क दिन. मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८मध्ये त्या दिवशी मंजूर झाला. तो तयार करणाऱ्या आयोगावर दोनच बायका होत्या. एक अमेरिकेच्या एलिनॉर रुझवेल्ट आणि दुसऱ्या बडोद्याच्या दिवाणांची लेक हंसाबेन मेहता. पहिल्याच कलमात बायकाही स्पष्टपणे गृहीत धरल्या जाव्यात यासाठी हंसाबेन अडून बसल्या आणि मसुदा बदलून घेतला. पुढे त्या इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. तुमच्या मुलीने विद्यापीठाच्या लायब्ररीवर त्यांचं नाव रोज वाचलं असेल. मसुद्यातली एक ओळ चुकीची आहे आणि ती बदलल्याशिवाय मी पुढे जाऊ देणार नाही, एवढंच त्या बाईंनी केलं. मंडळाने तुमच्यासमोर ठेवलेला कार्यक्रम हाही एक मसुदाच आहे.

आता २१ मार्च. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. तुमच्या मुलाच्या पेशींत २१व्या जोडीत एक गुणसूत्र जास्त, म्हणजे दोनाऐवजी तीन. म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख. लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरने १८६६मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं, पण कारण उमगायला १९५९ उजाडलं. फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जास्तीचं गुणसूत्र दाखवून दिलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांनी आणि संस्थांनी २००६पासून हा दिवस पाळायला सुरुवात केली, आणि ब्राझीलच्या पुढाकाराने महासभेचा ठराव झाल्यावर २०१२पासून तो संयुक्त राष्ट्रांचा झाला. म्हणजे हा दिवस तुमच्यासारख्या आयांनीच मिळवलेला आहे. मोज्यांचं म्हणाल तर सूक्ष्मदर्शकातल्या चित्रात गुणसूत्रं मोज्यांच्या जोडीसारखी दिसतात, त्यावरून ते निघालं. वेगवेगळे मोजे बघून कुणीतरी विचारावं आणि बोलणं सुरू व्हावं, हा त्यामागचा हेतू. हॉलमध्ये सगळ्यांनीच मोजे घातले आणि कुणी काही विचारलंच नाही, तर तो हेतू साधला नाही. मोजे ठेवायचे तर ते घालून मंगळबाजारातून एक फेरी मारायला सांगा, लोक नक्की विचारतील.

पण जागृतीने खरंच काही होतं का? मला वाटतं, होतं, आणि तुमच्या बाबतीत ते काय असू शकतं हे मी जरा सविस्तर सांगते. असं मूल जन्मलं की पहिला प्रश्न घरात विचारला जातो तो आईलाच. ग्रहणात बाहेर गेली होतीस का, पपई खाल्लीस का, कुठल्या गोळ्या घेतल्यास, तुमच्या माहेरी कुणाला होतं का. कितीतरी बायका ते ऐकत वर्षानुवर्षं जगतात आणि हळूहळू स्वतःही त्यावर विश्वास ठेवायला लागतात. वस्तुस्थिती अशी की शंभरातल्या पंच्याण्णव मुलांच्या बाबतीत ते जास्तीचं गुणसूत्र पेशी विभागताना योगायोगाने आलेलं असतं. ग्रहण, पपई, नजर, पत्रिका यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते हे खरं, पण एकूण बाळंतपणंच तरुण वयात जास्त होतात, म्हणून अशी पुष्कळ मुलं तरुण आयांच्याच पोटी येतात. अगदी थोड्या घरांत ते वारशाने येऊ शकतं. तसं आहे की नाही हे गुणसूत्रांच्या तपासणीत कळतं, आणि तेव्हाही तो कुणाचा गुन्हा नसतो. जगात साधारण हजार-अकराशे जन्मांमागे एक बाळ असं असतं, म्हणजे बडोद्याएवढ्या शहरात तुमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत, फक्त दारं लावून बसलेली.

मंचावर हे सांगा. हेही सांगा की सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि तो वेळेवर शस्त्रक्रिया केली तर बहुतेक वेळा दुरुस्त होतो. अमेरिकेत १९८३च्या सुमारास या माणसांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांचं होतं, आता ते साठीच्या घरात आहे. कुठलं नवं औषध निघालं म्हणून हे झालं नाही. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि मुलांना संस्थांमध्ये टाकून देण्याऐवजी घरी वाढवायला लागले, शिकवायला लागले, म्हणून झालं. त्या हॉलमध्ये दीडशे बायका असतील. त्यांच्यातल्या एकीची सून किंवा भाची पुढेमागे बाळंत होईल आणि बाळाकडे बघून घरात कुजबुज सुरू होईल. तेव्हा 'आधी बाळाच्या हृदयाची तपासणी करून घ्या आणि पोरीला काही बोलू नका' असं म्हणणारी एक बाई त्या घरात असेल. तुमच्या दोन शब्दांचं काम एवढंच, आणि ते फार मोठं आहे.

नुसत्या एका तारखेने केवढं काम होऊ शकतं, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पल्स पोलिओचा रविवार आठवा. १९९५पासून देशभर ठरलेल्या दिवशी बूथ लागायचे, टेबलावर बर्फाच्या डब्यात लशीच्या बाटल्या, आणि थेंब पाजून झाले की बाळाच्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. दुसऱ्या दिवसापासून सेविका घरोघर फिरून करंगळ्या बघायच्या, राहिलेल्या बाळाला तिथेच थेंब पाजायच्या आणि घराच्या भिंतीवर खडूने नोंद करून पुढे जायच्या. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च २०१४मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या रविवारच्या आधी याद्या तयार असायच्या आणि नंतर राहिलेल्यांचा शोध चालायचा, म्हणून तो फळला. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमाला आधी यादी नसते आणि नंतर शोध नसतो. तुमचा राग मला तिथेच रास्त वाटतो.

तर जायचं का? जा, पण तुमच्या अटींवर.

सगळ्यात आधी मुलाला विचारा. पत्रात सासूबाई काय म्हणतात, मुलगी काय म्हणते, ह्यांना काय वाटतं, सगळं आहे. फक्त तो काय म्हणतो ते नाही. सोळा वर्षांचा मुलगा आहे तो, आणि कार्यक्रम त्याच्यावर आहे. साध्या वाक्यांत सांगा: खूप लोक असतील, माईक असेल, टाळ्या वाजतील, तुला यायचंय का? जमलं तर आदल्या दिवशी त्याला रिकाम्या हॉलमध्ये नेऊन मंचावर उभं करून आणा, म्हणजे तो काय बघून हो किंवा नाही म्हणतोय ते त्याला कळेल. नाही म्हणाला तर विषय संपला, तुम्ही एकट्या जा किंवा जाऊ नका. हो म्हणाला तर त्याला खुर्चीवर बसवून ठेवू नका. कार्यक्रमाची सुरुवात आरतीने करा आणि झांज त्याच्या हातात द्या. त्याला काय येतं ते लोकांनी आधी ऐकावं, त्याला काय आहे ते मागाहून कळलं तरी चालेल. शालीला माझी हरकत नाही, फक्त ती आरतीसाठी असावी.

मग मंडळाच्या सेक्रेटरींना फोन करून एक गोष्ट मागा. भाषणात मागायची नाही, आधी मागायची. तुमचं मंडळ मे महिन्यात मुलांचं संस्कार शिबिर घेत असेलच, पुष्कळ मराठी मंडळं घेतात. त्यात तुमच्या मुलाला आणि त्याच्यासारख्या आणखी दोघा-तिघांना प्रवेश हवा, मदतीला तुमची मुलगी उभी राहील, आणि हे २१ मार्चला मंचावरून जाहीर व्हावं, असं सांगा. शेजारून मूल उठवण्यावर मला माहीत असलेला इलाज हाच आहे. पंधरा दिवस एकत्र डबा खाल्ला की मुलं स्वतःहून शेजारी बसतात, आणि त्यांच्या आयांना उठवायला निमित्त उरत नाही.

दुसरं म्हणजे, हॉलच्या दाराशी एक टेबल मांडून घ्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यावरचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, कसं काढायचं, सरकारी दवाखान्यातल्या बोर्डाकडे कुठले कागद न्यायचे, हे तुम्ही स्वतः केलेलं असेल, तर तुमच्याइतकं नीट कोण सांगणार? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यास ही अशा मुलांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही खर्च येतो. हे कित्येक घरांना माहीतच नसतं. हॉलमध्ये येणाऱ्या बायकांच्या ओळखीत असं एखादं घर असणारच. मुलीला टेबलावर बसवा, तिचा उत्साह तिथे कामी येईल.

फोटो काढू द्या, पण मुलाचा फोटो तुम्हाला विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर जाणार नाही, हे आधीच कबूल करून घ्या. एकदा गेलेला फोटो मागे घेता येत नाही. आणि भाषणात कुणी त्याला देवदूत वगैरे करायला लागलं तर थांबवा. देवदूताला शाळा लागत नाही, नोकरी लागत नाही. तुमच्या मुलाला दोन्ही लागतं.

गणपतीतल्या त्या प्रसंगाचं काय करायचं, याचा मी पुष्कळ विचार केला. नावं घेऊ नका, पण गोष्ट टाळूही नका. 'याच्या शेजारी बसल्याने कुणाला काही लागत नाही. गणपतीत काही मुलांना उठवून नेलं, तेव्हा त्याने मला घरी येऊन विचारलं' असं काही घडलं असेल, तर ते तेवढ्याच शब्दांत सांगा. ज्यांना समजायचं त्यांना समजेल. त्या दोघी-तिघींपैकी जिच्याशी तुमचं थोडंफार बोलणं आहे, तिला टेबलावर मदतीला बोलवा. आली तर उत्तम.

सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या काळात अशी मुलं माजघरात असायची, आणि लोकांचं बोलणं घरातल्या बाईला झेलावं लागायचं. चारचौघांत मांडू नये, हे त्यांना कदाचित तुम्हाला वाचवण्यासाठीच वाटत असेल. गुणसूत्राचं, पंच्याण्णव टक्क्यांचं, पपईचं जे वर लिहिलंय ते भाषणाआधी त्यांना वाचून दाखवा. आपल्या सुनेची यात काही चूक नव्हती, हे त्यांना आजवर कुणी नीट सांगितलं नसण्याची शक्यता बरीच आहे.

मंडळाने शिबिराची गोष्ट मान्य केली नाही, 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून टाळलं, तर नम्रपणे कळवा की यंदा जमणार नाही. कारण विचारलं तर खरं कारण सांगा. मंडळाशी वाकडं घेण्याची भीती वाटत असेल तर ह्यांना फोन करायला लावू नका, तुम्हीच करा. ३ डिसेंबरचा दिव्यांग दिन आहेच, आणि शिबिर घेणारी मंडळं बडोद्यात एक नाही.

आणि एक काम मंचाशी संबंध नसलेलं. २१ मार्च ही तारीख दरवर्षी घरात मुलाच्या तपासणीसाठी राखून ठेवा. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडचा त्रास वाढत्या वयात केव्हाही सुरू होऊ शकतो आणि मूल नुसतं सुस्त झालंय असं वाटत राहतं, म्हणून ती रक्ततपासणी वर्षातून एकदा हवीच, सोबत कान आणि डोळेही. यंदा त्यात आणखी एका गोष्टीची भर घाला. अठरा पूर्ण झाले की कायद्याच्या दृष्टीने आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत, दवाखान्यात सहीचा प्रश्न येतो. त्याला काही निर्णयांत कायदेशीर पालकाची गरज लागणार असेल, तर राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. कागद जमवायला वेळ जातो, तेव्हा सतरावं लागलं की सुरुवात करा. अर्जाची चौकशी करायला जाल तेव्हा ह्यांनाही बरोबर न्या, 'तुला वाटेल ते कर' तिथे चालणार नाही. अर्जावर दोघांच्या सह्या लागतील.